एकेचाळीस होकार

फोन ठेवताना बर्नी झेलेन्काच्या हातून तो खाली नीट बसला नसावा. “येणार म्हणजे काय, मार्लिस, आम्ही दोघंही येणार, गव्हर्नरसाठीच,” असं म्हणून त्याने निरोप घेतला होता, आणि मार्लिस कुचेरा यादीतल्या त्याच्या नावापुढचा एकचा आकडा पुन्हा एकदा गिरवत होती. तेवढ्यात कानाशी राहिलेल्या फोनमधून झेलेन्कांचं स्वयंपाकघर ऐकू यायला लागलं. नळ वाहत होता. खुर्ची सरकली. मग त्याच्या बायकोचा, लव्हॉनचा आवाज आला, “कोण होतं?” आणि बर्नी म्हणाला, “मार्लिस. पुन्हा. मी आपलं हो म्हणून टाकलं. एर्विन गेल्यापासून बिचारीला तेवढाच विरंगुळा आहे.” “अरे, पण आपण सिनेटरबाईंच्या बाजूला उभं राहणार ना?” “ते ठरलंच आहे गं. म्हणून काय तिला तोंडावर नाही म्हणू?” मार्लिसने फोन हळूच ठेवला, आपणच चोरी केल्यासारखा. मंगळवारची सकाळ होती, खिडकीबाहेर सीडर रॅपिड्समधलं जानेवारीचं पांढरं ऊन होतं आणि वरच्या मजल्यावर वॉरन पेटिटची पावलं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात होती.

वॉरनला आदल्याच दिवशी कामावरून काढलं होतं. गव्हर्नर टॅलमजच्या प्रचाराचा तो या राज्यातला मुख्य माणूस. ऑक्टोबरपासून मार्लिसच्या घरी राहत होता. इथे तशी रीतच आहे. दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेल्यांची माणसं राज्यात उतरतात आणि गावातले समर्थक आपली रिकामी खोली त्यांना देतात. मार्लिसची रिकामी खोली चौथ्यांदा वॉरनची झाली होती. काढल्याचा फोन त्याने तिच्याच ओट्याशी उभं राहून घेतला, हातात अर्धा कोलाचा होता, जर्दाळूचा मुरंबा भरलेला गोड पाव. “कळलं,” एवढंच तो तीनदा म्हणाला. मग कोलाचा संपवला, बशी धुतली आणि म्हणाला, “मला, वृत्तपत्रं सांभाळणाऱ्या पोराला आणि निम्म्या ऑफिसला. वॉशिंग्टनहून व्हॅलरी क्रेन येतेय. गव्हर्नरची हवा गेली म्हणतात. जनमत चाचण्यांत आपण पाचवे आहोत म्हणे.” आणि मग हसून, “पण मार्लिस, तुझ्या वॉर्डात एकेचाळीस पक्के आहेत. एकेचाळीस! त्या टेलिफोनवरच्या चाचण्या गेल्या खड्ड्यात. तुझी यादी आजवर चुकलेली नाही. सोमवारच्या मतदानाला शाळेत तुझा कोपरा भरला की व्हॅलरीबाईंचं तोंड बघायला मी इथेच बसणार आहे.” त्या हसण्याला काही धरायला हवं होतं, आणि त्याने तो आकडा धरला. मार्लिसने त्याला आणखी एक कोलाचा दिला.

यादी आजवर चुकली नव्हती हे खरं. पण ती यादी तिच्या नवऱ्याची, एर्विनची होती. हे आज, या फोननंतर, तिच्या पहिल्यांदा ध्यानात आलं आणि ती टेबलाशी बसूनच राहिली. तीन निवडणुका एर्विनने याच टेबलावरून फोन केले होते. एक म्हणजे पक्का, दोन म्हणजे झुकलेला, तीन म्हणजे कुंपणावरचा, आणि पाच म्हणजे फोन आपटणारा. मार्लिस त्याला कॉफी द्यायची, नावं वाचून दाखवायची, आभाराची पत्रं लिहायची. त्याचे आकडे तिला तेव्हा कोड्यात पाडायचे. कोणी “हो हो, नक्की” म्हणालं की हा तीन मांडायचा. कोणी पाऊण तास मक्याच्या भावावरून हुज्जत घातली, गव्हर्नर का फव्हर्नर त्याला नदीच्या पुराचं काय कळतं म्हणून सुनावलं, की एर्विन फोन ठेवून समाधानाने एक मांडायचा. “जो भांडतो तो येतो,” तो म्हणायचा. “हो म्हणून झाल्यावर माणूस किती वेळ गप्प राहतो ते ऐक. त्या गप्पपणात सगळं असतं.” तिला त्या गप्पपणात कधी काही ऐकू आलं नाही. तिला लोकांचं गप्प राहणंच सोसत नाही, ती लगेच मुलाबाळांची चौकशी करून ती जागा भरून टाकते. आणि एर्विन गेल्यापासून, ही दोन वर्षं तर काय, समोरचेच ती जागा भरून टाकत होते. “कशी आहेस मार्लिस? गुडघा कसा आहे? अगं हो, गव्हर्नरच. तू सांगतेस म्हणजे चांगलाच असणार.” ती प्रत्येकापुढे एक मांडत गेली होती. लोकांनी एका विधवेला होकार दिला होता, आणि तिने तो एका उमेदवाराच्या खात्यात टाकला होता.

त्या दिवशी तिने यादी पुन्हा लावली. व्हॅलरी क्रेनचा हुकूमच होता, सगळ्यांना परत फोन करा. पण मार्लिसने ते एर्विनसारखं केलं. होकार आला की तोंड मिटून बसली. ते फार कठीण होतं, थंड पाण्यात हात धरून ठेवण्याइतकं. पहिल्यांदा समोरचा खाकरायचा. मग म्हणायचा, “म्हणजे बघ, हवेवर आहे सगळं.” मग, “माझ्या मुलीला ती सिनेटरबाई फार आवडते.” मग, “तू मनाला लावून घेऊ नकोस हं.” शाळेतली निवृत्त ग्रंथपाल विल्मा तर रडलीच, म्हणाली, “मार्लिस, मी तुला सांगणारच होते, पण तू दर वेळी इतक्या आनंदात असतेस!” संध्याकाळी पाचला खिडकीबाहेर अंधार झाला तेव्हा एकेचाळीसातले अकरा उरले होते, आणि त्यातल्याही दोघांचा तिला भरवसा नव्हता.

साडेपाचला व्हॅलरीचा फोन आला. वॉरन तेव्हा खाली येऊन सूप ढवळत होता, आणि व्हॅलरीचं नाव ऐकताच त्याने गॅस बारीक केला. “मिसेस कुचेरा, मला तुमचं कौतुक सगळ्यांनी सांगितलंय,” व्हॅलरी म्हणाली, आवाज तरुण आणि थकलेला होता, “पण मला कौतुक नको, आकडा हवाय. आज परत फोन केलेत ना? किती?” वॉरन तिच्याकडे बघत होता. हातातला डाव भांड्याच्या वर तसाच धरलेला. साठीचा माणूस, शर्टाची बाही सुपात बुडतेय याचंही भान नाही, भुवया उंचावून, सांग तिला, सांग, असं म्हणणारा चेहरा. “एकेचाळीस,” मार्लिस म्हणाली. “तुम्ही शब्द देताय?” “हो.” वॉरनने डाव ओट्यावर आपटला आणि तिच्या दोन्ही खांद्यांना धरून तिला हलवलं. “ऐकलं असेल तिने! बाई, तू हिरा आहेस!” मार्लिस हसली. भीड ही भिकेची बहीण, हे आपल्याकडे ज्याने म्हणून ठेवलं त्याने आयोवातली माणसं पाहिली नव्हती. इथे ती नुसती बहीण नाही, घरची मालकीण आहे. मार्लिसने त्या रात्री सूप प्यायलं, छान झालंय म्हणाली. मीठ फार पडलं होतं.

एर्विनलाही तिने कुठे सांगितलं होतं? डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं, उन्हाळा दिसणार नाही. ती आत आली आणि एर्विन म्हणाला, “मार्लिस, एप्रिलमध्ये होडीचा तळ रंगवायला घेऊ म्हणतो,” आणि ती म्हणाली, “हो, घेऊ ना. निळा?” तो उशीवरून तिच्याकडे बघत राहिला, बराच वेळ, आणि तिला ते सोसेना म्हणून तिने त्याची चादर नीट केली, पाणी भरलं, नर्सच्या मुलांची चौकशी केली. कालपर्यंत ती स्वतःला सांगत आली होती की शेवटचे दोन महिने त्याने आशेत काढले. आता वाटलं, लोकांचे होकार कानाने तोलणारा तो माणूस, त्याने बायकोचा होकार तोलला नसेल? त्याला कोणाशी तरी मरणाबद्दल बोलायचं असेल. भीती वाटते असं म्हणायचं असेल. आणि खोलीत एकच माणूस होतं, आणि ते निळा रंग निवडत बसलं होतं.

बुधवारी तिने वॉरनला सांगायचं ठरवलं. ठरवून जिन्याच्या सहा पायऱ्या चढलीही. वर तो फोनवर बोलत होता. त्याची बहीण ऑड्री, ओहायोमध्ये, डेटनला. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं, स्वतःचं लग्न पुढे ढकलून. नोव्हेंबरपासून ती अंथरुणाला खिळली होती. वॉरन रोज ठरलेल्या वेळी तिला फोन करायचा, आणि मार्लिस खाली भांडी घासताना ऐकायची. तो तिला प्रचाराच्या गमती सांगायचा, कुठल्या उमेदवाराच्या बुटात बर्फ गेला, कोणी जत्रेतल्या डुकराशी हात मिळवला. आज म्हणत होता, “मला काढलं तरी काय गं, ऑड्री, ज्यांनी काढलं तेच सोमवारी परत बोलावतील. नाही, नाही, मी बरा आहे. एका बाईकडे एकेचाळीस आहेत.” मार्लिस सहाव्या पायरीवर कठड्याला धरून उभी राहिली. मग खाली आली आणि धुतलेले कप पुन्हा धुतले.

गुरुवारी दुपारी तोच खाली आला. हातात फोन, चष्मा कपाळावर. “भाचीचा फोन होता. ऑड्रीने दोन दिवस काही खाल्लं नाही. नर्स म्हणते आठवडा, कदाचित जास्त, कदाचित कमी.” तो खुर्चीवर बसला, एर्विनच्या. “नऊ तासांचा रस्ता आहे. आत्ता निघालो तर रात्री पोचतो. पण मग मी पळालो असं होईल, मार्लिस. माझी ही शेवटची निवडणूक. यानंतर मला कोण बोलावतंय? तीस वर्षं लोकांच्या घरच्या खोल्यांत झोपलो, बायको गेली कंटाळून, आणि शेवटी काय, तर आकडे कळत नाहीत म्हणून हाकललेला म्हातारा. सोमवारी तो कोपरा भरला की मी रात्रीच निघेन. ऑड्रीला सांगेन, बघ, तुझा भाऊ बरोबर होता. तिला ते फार आवडेल.” मग त्याने चष्मा खाली घेतला आणि सरळ तिच्या डोळ्यांत बघून विचारलं, “तू सांग. तुझी यादी पक्की असेल तर थांबतो. जरा जरी कच्ची असेल तर आत्ता, या मिनिटाला निघतो. थांबू की जाऊ?”

इतकं सोपं करून कोणी कधी तिला विचारलं नव्हतं. एक शब्द. बाहेर शेजारी कोणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं, ओढायचं, थांबायचं, ओढायचं. तिला वाटलं, नाही म्हटलं तर याचा चेहरा आत्ता, माझ्यासमोर, माझ्या स्वयंपाकघरात कोसळेल. हे एक. आणि दुसरं तिने फार नंतर कबूल केलं, तेही स्वतःशीच: हा गेला की वरचा मजला रिकामा होईल. ऑक्टोबरपासून सकाळी जिना वाजायचा, कोणीतरी विचारायचं कॉफी आहे का, कोणीतरी अंडी संपवायचं. चार महिने या घराला माणसाचा वास होता. सोमवारनंतर तो जाणारच होता, पण सोमवार म्हणजे अजून चार सकाळी. “पक्की आहे,” मार्लिस म्हणाली. आणि म्हणून झाल्यावर, तो काही बोलायच्या आत, घाईघाईने, “बर्फासाठी गाडीच्या चाकांना साखळ्या लावून घेतल्यास का?” वॉरनने तिचा हात थोपटला. “मग थांबतो,” तो म्हणाला आणि डोळे पुसले. आपला एक शब्द माणसाला इतकं बळ देतो हे पाहून तिला आतून बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज तिला आयुष्यभर पुरणार होती.

शुक्रवार गेला. शनिवारी वॉरनने तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढला. रविवारी चर्चमध्ये बर्नी झेलेन्का पुढच्या बाकावर होता, त्याने वळून तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकाचं पान शोधून दिलं, आणि तिला त्याचा राग आला नाही. कसा यावा? तो चांगला माणूस आहे. सगळेच चांगले होते. त्या सगळ्यांच्या चांगुलपणाने मिळून एक माणूस खाटेवर पडलेल्या आपल्या बहिणीपासून नऊ तास लांब बसवून ठेवला होता, आणि दाराची कडी तिच्या हातात होती. सांगू, आता सांगू, असं ती दर तासाला म्हणायची. पण शुक्रवारी सांगितलं असतं तर गुरुवारी का नाही हा प्रश्न आला असता, आणि शनिवारी शुक्रवारचा. उशीर झाला की खरं बोलणं महाग होत जातं. रविवारी संध्याकाळी तो म्हणाला, “ऑड्री आज फोनवर बोलली नाही. भाचीने नुसता तिच्या कानाला लावला. मी आपला बोलत राहिलो.” आणि मार्लिस म्हणाली, “तिला ऐकू आलं असेल.”

सोमवारी दुपारी एक वाजता भाचीने त्याला लगेच निघ म्हणून सांगितलं. तो दहा मिनिटांत तयार झाला. कपडे, पुस्तकं तशीच वर राहिली. दारात मार्लिसने कोलाच्यांची पिशवी दिली. “मी निघालोच असतो आज रात्री,” तो म्हणाला, जणू कोणी त्याला जाब विचारत होतं, “फक्त आठ-दहा तास आधी. हो ना? तू मला आकडा कळव हं. नाहीतर मीच करतो फोन.” आत्ता तरी सांगावं, असं तिच्या ओठांपर्यंत आलं. आत्ता सांगून काय उपयोग, असंही आलं. गाडी कोपऱ्यावर वळताना मागचं चाक बर्फावर जरा घसरलं, मग सावरलं.

संध्याकाळी सात वाजता शाळेची व्यायामशाळा भरली. ओले बूट, लोकरीचे कोट, टेबलावर भाजलेले पदार्थ, बास्केटबॉलच्या टोपल्यांखाली उमेदवारांच्या पाट्या. इथे मत पेटीत टाकत नाहीत. सगळ्या वॉर्डादेखत आपल्या माणसाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं आणि शिरगणती करायची. शंभरात पंधरा नसतील तर तो कोपरा मोडतो, त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं किंवा घरी. एकशे बारा माणसं आली होती, म्हणजे सतरा हवी होती. लोक मार्लिसच्या समोरून जात होते, आणि जाताना थांबत होते. “गुडघा कसा आहे?” “कोट छान दिसतोय.” विल्माने तिला मिठी मारली आणि सिनेटरबाईंच्या कोपऱ्यात गेली. बर्नीने तिला बसायला घडीची खुर्ची आणून दिली, पाठीला हात लावला आणि तोही तिकडे गेला. शाळेतले गणिताचे मास्तर अध्यक्ष होते. त्यांनी बोटाने मोजलं. मग तिचा मान राहावा म्हणून आणखी एकदा मोजलं. “नऊ,” ते म्हणाले. तिला धरून नऊ.

फोन वाजला तेव्हा ती कोट हातात घेऊन उभी होती. वॉरन होता, मागे मोठ्या गाड्यांचा आवाज. “मी इंडियानात आहे, पेट्रोल पंपावर थांबलोय,” तो म्हणाला. “ऑड्री गेली गं. पाचला. मी तेव्हा इलिनॉयमध्येच होतो.” मार्लिस काहीतरी म्हणाली, अरे देवा असं काहीतरी. “मला रडूसुद्धा येत नाहीये. तीन तास चालवायचंय अजून. तू मला आकडा सांग, मार्लिस. मोठ्याने सांग, इथे वारा आहे. किती आले?” आणि ती गप्प राहिली. या वेळी तिला गप्पपणा ऐकू आला, त्याच्याकडचा. तो आकडा विचारत नव्हता. आपण थांबलो ते कशासाठी तरी थांबलो, एवढं एकच त्याला त्या अंधाऱ्या पंपावर हवं होतं, घरी पोचेपर्यंत पुरेल इतकंच. एकेचाळीस म्हणणं तिला काहीच जड नव्हतं. उद्याच्या पेपरात काय येईल ते उद्या. तो शब्द तोंडात तयारच होता, आयुष्यभर तयारच असायचा.

“नऊ,” ती म्हणाली.

वारा वाहत राहिला. मग त्याने विचारलं, “तुला कधी कळलं?”

“मंगळवारी.”

“मी तुला गुरुवारी विचारलं होतं,” वॉरन म्हणाला. ओरडून नाही, एखादी तारीख नीट करून द्यावी तसं. ती हो म्हणाली. तो म्हणाला, “माझं वरचं सामान खोक्यात घालून भाचीच्या पत्त्यावर पाठवशील? घाई नाही.” ती पुन्हा हो म्हणाली. “थँक्यू, मार्लिस. जप,” तो म्हणाला, अगदी सभ्यपणे, आणि फोन बंद झाला. हा माणूस पुन्हा कधी आपल्या दारात येणार नाही हे तिला कळलं, कोणी न सांगता.

मास्तर हातातली घंटा वाजवून सांगत होते, ज्यांचा कोपरा मोडला त्यांना अर्धा तास आहे, कुठे जायचं ते ठरवा. तिच्याबरोबरचे आठ जण तिच्याकडे बघत उभे होते. तिने रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाली, “जा रे. तुम्हाला खरंच जिथे जायचंय तिथे जा.” पण कोणी हललं नाही. एकाने तिच्या हातातला कोट घेतला, एकीने तिला खुर्चीत बसवलं, आणि आठही जण तिच्याभोवती उभे राहिले, आपली मतं वाया घालवत, तिच्यासाठी. त्यांतल्या कोणालाही स्वतःसाठी थांबवून घ्यायची आता तिची इच्छा नव्हती. “मी एकटी बसते,” ती म्हणाली, “जा, खरंच जा,” आणि ते नुसते मान हलवत राहिले. अर्धा तास सरेपर्यंत मार्लिस त्यांच्या मधोमध बसून मोठ्याने रडली, जिला तिने कधी पाहिलं नव्हतं त्या ऑड्रीसाठी. गव्हर्नर हरला म्हणून बाई रडतेय असं वाटून ते तिची पाठ थोपटत होते.